नसीम आणि उशिराचा रकाना

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ढाणकीत होते. बाजाराचा दिवस होता. हळदीच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते आणि मला ज्या घरी जायचं होतं त्या घराचा पत्ता मी एका किराणा दुकानदाराला विचारत होते. तिचा भाऊ इम्रान फार बोलला नाही. "ताई, आपा गेली... दुपारच्या नमाजनंतर नेऊन राह्यलो." दुकानदार हात वर करून मला गल्ली दाखवत होता. मी तशीच फिरले आणि बसस्थानकावर आले. उमरखेड, यवतमाळ अशा बस बदलत पांढरकवड्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. पुरुष कब्रस्तानातून परतून अंगणात बसले होते. आतल्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवरची गादी कुणीतरी गुंडाळून ठेवली होती. नसीमची आई, जिला मी खाला म्हणते, माझा हात धरून एवढंच म्हणाली, "तुह्यी वाट पाहिली असती बेटा, पन उन्हाचे दिवस..." त्या गुंडाळलेल्या गादीकडे पाहताना माझ्या मनात आपोआप ओळ उमटली, मृत्यूचं ठिकाण: घर. आमच्या कामाने लावलेली ही सवय. त्या दिवशी त्या सवयीचा मला फार राग आला.

नसीमला जे झालं आणि नसीम जे काम करत होती, ते दोन्ही एकाच शब्दात सांगता येतं. कर्करोग. जिल्ह्यात हा रोग कुणाला झाला, कुठल्या गावी, केव्हा कळलं, काय उपचार झाले आणि माणूस आहे की गेला, याची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात आम्ही दोघी बारा-तेरा वर्षं सोबत होतो. दवाखान्यांच्या कागदांवरून अर्धी माहिती मिळते. उरलेली गावात जाऊन, घरात बसून विचारावी लागते. माणूस गेल्यावर घरच्यांना काही दिवस द्यायचे, तेरवी किंवा चाळिसावा होऊ द्यायचा आणि मग जायचं, असा आमचा नियम. संशोधकांना पुढे त्यातून कळतं, की कुठल्या भागात कुठला रोग वाढतो आहे, कुठे माणसं वाचतात आणि कुठे वाचत नाहीत. कागदावर हे काम स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात ते रोज कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन जखमेची खपली काढण्यासारखं आहे.

नसीमचे वडील मेकॅनिक. पांढरकवड्यात घराच्या पुढच्या भागातच त्यांचं गॅरेज. चार भावंडांत ही एकटी शिकायला यवतमाळला गेली, समाजकार्याची पदवी घेतली आणि शाळेत नोकरी मिळत असताना इकडे आली. लग्न केलं नाही. का नाही, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती मोठ्याने बोलायची, पटकन चिडायची, जेवताना दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता उचलायची. एकदा नोंदीत चूक केली म्हणून तिने एका नव्या मुलीला सगळ्यांसमोर इतकं झापलं, की ती मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मग तिच्या घरी जाऊन नसीमच रडत बसली. अशी होती ती. तिच्यासोबत राहणं सोपं नव्हतं, पण ती नसली की कार्यालय सुनं वाटायचं.

केळापूरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही गेलो होतो, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. वासुदेवराव नावाचे गृहस्थ, कापूस आणि तुरीची चांगली शेती. बायको स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, मागे दूध नुकतंच तुटलेली मुलगी. आमच्या नमुन्यात एक रकाना होता, उपचाराला उशीर झाला का, आणि झाला असल्यास कारण काय. कारणं छापलेलीच होती. अज्ञान, भीती, पैशाची अडचण, अंतर. नसीमने प्रश्न विचारला. वासुदेवराव म्हणाले, "लेयून टाका, अडानी होतो म्हून उशीर केला. तुमाले तेच पाह्यजे ना? पहिल्या डॉक्टरनं सांगतलं, दुधाची गाठ हाय, जिरून जाईन. दुसऱ्यानं मलम देल्लं. तिसऱ्याकडं नेलं तं तो मलेच म्हने, आता कायले आनली. बाई, मी तिले घरी बसवून ठेवली नव्हती." मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्यांनी आवाज चढवला नाही, पण नसीमने पेन बंद केलं.

परतताना तिने रस्त्यात गाडी थांबवली. मला वाटलं पंक्चर झालं. ती खाली उतरून पुलाच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "सुनीता, त्या रकान्यातली सगळी कारनं घरातली हायत. दवाखान्यातलं एकबी नाही. आपन इतके वर्षं मेलेल्या बायांवर उशिराचा ठपका ठेवून राह्यलो."

पुढच्या बैठकीत तिने हे मांडलं. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडम समजूतदार होत्या, पण लगेच तयार झाल्या नाहीत, आणि त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. "नसीम, हा नमुना सगळीकडे एकच आहे. आपण एकट्यांनी बदलला तर आपली माहिती दुसऱ्या जिल्ह्याशी ताडून पाहता येणार नाही. मग तिचा उपयोग काय?" नसीम म्हणाली, "नमुना राहू द्या मॅडम. मागची बाजू कोरी हाय. तिथं लेयू द्या." वाद बराच चालला. रीतसर परवानगी घ्यावी लागेल, घरच्यांची संमती लागेल, कुठल्याही डॉक्टरचं नाव येता कामा नये, असं सगळं ठरलं आणि अखेर मॅडमनीच वरपर्यंत पाठपुरावा करून एक प्रश्न मिळवून दिला. पहिल्यांदा कुठे दाखवलं आणि तिथे काय सांगितलं, एवढाच प्रश्न. पण तो विचारला, की ओसरीवरची माणसं बोलायला लागायची. काही वर्षांनी मॅडमनी त्या उत्तरांवर नागपुरात भाषण केलं. आमच्याकडच्या पुष्कळ बाया उशिरा येत नाहीत, त्यांचा आजार उशिरा ओळखला जातो, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नसीम मागच्या रांगेत बसून त्या खुर्च्यांकडे पाहत होती.

झरी जामणीकडचं भीमबाईचं प्रकरण मात्र तिच्या आत कायमचं जाऊन बसलं. जंगलातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, आम्ही एका म्हाताऱ्याच्या मृत्यूची नोंद घ्यायला गेलो होतो. त्याची सून भीमबाई पाणी द्यायला आली आणि परत जाताना भिंत धरून उभी राहिली. नसीम तिच्या मागे आत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता. "केव्हापासून अंगावरून रक्त जाऊन राह्यलं तिच्या, कोनाले सांगतलं नाही." नियमाप्रमाणे आम्ही चिठ्ठी द्यायची, आरोग्य केंद्रात कळवायचं आणि पुढच्या घरी जायचं. मोजणारा वेगळा, उपचार करणारा वेगळा. नसीमने नियम बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन ती भीमबाईला यवतमाळला घेऊन गेली, तपासण्या करवून घेतल्या, कर्करोगच निघाला तेव्हा पुढे नागपूरला पाठवायची सोय केली, सुट्ट्या टाकून तिच्याजवळ बसली. भीमबाईला मराठी जेमतेम यायची. तिची कोलामी नर्सना समजत नव्हती. काही महिने वर-खाली होत राहिलं आणि मग भीमबाई तिकडेच, दवाखान्यात वारली.

नोंद घ्यायला मी जाते म्हणाले, पण नसीम ऐकेना. आम्ही दोघी पोडावर गेलो. भीमबाईचा नवरा काड्या तोडत बसला होता. त्याने आम्हाला बसायला पोतं टाकलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आम्ही उठताना तो हळूच बोलला, "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच नेलं. पन ती रोज म्हने, मले घरी न्या. तुम्ही आल्या नसत्या तं ती इथं मेली असती... आपल्या मानसांत." त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि म्हणूनच ते झेलता आलं नाही. नसीम "हाव भाऊ" एवढंच म्हणाली. मी तिला पुष्कळ समजावलं, की न नेऊन कसं चाललं असतं. ती म्हणाली, "नेलं ते बरोबरच होतं. तो बोलला तेबी बरोबरच हाय. दोन्हीचं काय करू, ते सांग."

तिचं स्वतःचं दुखणं साध्या पोटफुगीने सुरू झालं. तिने अंगावर काढलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पहिल्याच आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली. गॅस आहे म्हणाले. गोळ्या संपल्या, पोट तसंच. दुसऱ्यांनी उन्हात फिरणं कमी करा म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी वयाचं निमित्त काढलं. ती स्वतःच हट्टाने सोनोग्राफी करायला गेली तोवर अंडाशयातला रोग पोटभर पसरला होता. कार्यालयाच्या पायरीवर बसून तिने मला रिपोर्ट दाखवला. तो वाचायला आम्हाला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. असे कागद आम्ही रोज वाचत होतो आणि पुढे काय होतं तेही आम्हाला ठाऊक होतं. तिने रिपोर्टची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "मी लवकर गेलती, सुनीता. तुले माहीत हाय ना?" मी हाव म्हटलं.

नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले, तोंडाची चव गेली, पण कामाचं वेड गेलं नाही. घरी खाटेवर पडून ती आमच्या नोंदी तपासून द्यायची. एके दिवशी तिच्या दवाखान्याकडून आलेल्या माहितीत तीच समोर आली. स्त्री, पांढरकवडा, अंडाशय. मी ती नोंद तिच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण तिनेच विचारलं, "माही नोंद आली का?" मी मान हलवली. "मंग नीट भर. ओळखीची हाय म्हून काही सोडू नको." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. थोड्या वेळाने तिने भिंतीकडे तोंड केलं. "भीव वाटते गं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिले, आतून खाला चहाला बोलावत होती तरी उठले नाही.

चाळिसावा झाल्यावर तिच्या घरी नोंद घ्यायला कुणी जायचं, हा प्रश्न आला. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला पाठवते. मी नको म्हटलं. दुपारी गेले. खाला माझ्यासमोर चटईवर बसली आणि मी तिला, ज्या घरात मी शेकडो वेळा जेवले त्या घरात, मृताचं नाव विचारलं. तिने सांगितलं. वय, शिक्षण, दुखणं केव्हा सुरू झालं, सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुठे दाखवलं या प्रश्नावर तिने माझ्या कागदावर बोट टेकवलं. "तीन ठिकानी गेली ती. एकली गेली, मलेबी नेलं नाही. लेय बेटा, माह्या पोरीनं उशीर नाही केला." मी लिहिलं.

मग खालाने तेच विचारलं, जे प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच. "याचं पुढं काय होते?" नसीम अशा वेळी खोटा दिलासा द्यायची नाही. "तुमाले याचा काही उपयोग नाही होनार. पुढच्या कोन्या बाईले झाला तं झाला," असं ती स्पष्ट सांगायची. मी खालाला तेच सांगितलं. ती म्हणाली, "होईन का?" मी म्हटलं, "माहीत नाही खाला." तिने मान हलवली आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

बाहेर आले तेव्हा नसीमचे अब्बा गॅरेजमध्ये एका दुरुस्त झालेल्या मोटारसायकलचं हँडल धरून उभे होते. गिऱ्हाईक किक मारायला पुढे झालं तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि गाडी ढकलत गल्लीतून चालू लागले. गिऱ्हाईक मागोमाग. नसीम आजारी होती तेव्हा गॅरेजच्या अंगाच्या खिडकीजवळ तिची खाट होती, दुपारी तिला जरा डोळा लागायचा. तेव्हापासून ते दुपारची एकही गाडी दारात सुरू होऊ देत नाहीत, खाला दारातून मला सांगत होती. "मी म्हनते, आता कोनासाठी? तं आयकत नाहीत." कोपऱ्यावर पोचल्यावर इंजिनचा आवाज दुरून आला. अब्बा हात पुसत परत येत होते. ते माझ्याजवळ थांबले आणि त्यांनी माझ्या स्कूटीकडे पाहिलं.

मी चावी लावली नाही. स्टँड काढला आणि त्यांच्या देखत गाडी ढकलत निघाले. कोपरा आला, तोही ओलांडला. मोठ्या रस्त्यापर्यंत तशीच ढकलत गेले.