पाचव्या शिलाआधीचे दोन घोट

हरिदासनं विहारात पंचशील सुरू केलं, की बीरगांवातला आमचा अख्खा पारा, सगळा मोहल्ला, चूप. असा आवाज. पाचवं शील नशा न करण्याचं, अन् तेच हा सगळ्यात गोड म्हणे. संध्याकाळी सिलतऱ्याच्या कारखान्यातून सुटला की सीधा दारूभट्टीवर. लोक हासत. लाज कोणालेच नव्हती.

मंग डोळे हळदीवानी पिवळे झाले. पोट फुगलं, पाय काड्या. विहार समितीचे अध्यक्ष बाबाराव यायनं हरिदासच्या बायकोले अक्कल शिकवली, का घरात कोंडा, दारू आपोआप सुटते. सत्यभामा शाळेत खिचडी रांधणारी बाई. तिनं मोठ्या माणसाचं आयकलं. दुसऱ्या दिवशी हरिदास भितीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचू लागला, अन् मंग झटका येऊन जीभ चावून पडला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं सगळ्यायले झापलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटक्यानं माणूस मरते. ते काम भरती करून, औषधावर कराचं असते. लिवर बरंचसं सडलं. आता थांबला तर उरलेलं वाचू शकते, नाई तर काही खरं नाई. पण दवाखान्यात पलंग खाली नव्हता, तोवर ह्या गोळ्या देऊन घरी ठेवा, दारूचा थेंबबी नको म्हणाल्या.

पलंग खाली झाला तो नेमका बुद्धपौर्णिमेले. सत्यभामानं बोचकं बांधलं. बाबाराव दारात आले. पाहुणे येऊन राहिले, मेणबत्ती हरिदासच लावते, भरती उद्या करा म्हणे. तिनं विचारलं, हात पाहिले का त्यायचे?

"दोन घोट द्या न सकाळी, वयनी. थरथर थांबते."

घ्या. दारू सोडाची शपथ घ्याले दारू पाहिजे!

तिनं दिली नाई. ती आटो पाहाले गेली, परत आली तं बाबाराव येऊन गेलेले, मोरीत दारूचा रिकामा पव्वा, अन् नवरा पांढरे कपडे घालून विहारात.

आटो दाराशी उभा करून ती आत शिरली. हरिदासनं मेणबत्ती लावली. हात थरथरला नाई. चार शिलं झाली. तिनं माइक हातातून काढून घेतला.

"मम्मी, बैठ जाओ ना, सब देख रहे हैं," पोट्टी पिंकी कुजबुजली.

"पाहू दे. पाचवं आता बाबारावजी म्हणतीन. सकाळी यायले पव्वा त्यायनंच पाजला."

कोणी म्हणे, पाहुण्यायसमोर समाजाची बदनामी काहून करता? ती म्हणाली, "तिरडी उचलाले याल तवा समाजाची इज्जत वाढन का?"

बाबारावनं माइक घेतला नाई.

हरिदास उठला अन् आटोत बसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, शेवटची कधी घेतली?

"आज सकाळी," तो म्हणाला.

"कोणी दिली तेबी सांगा," सत्यभामा म्हणाली. "तो माणूस बाहेर केळी घेऊन उभा हाय. त्याले आत येऊ देऊ नका."