तिसऱ्या पायरीचं माप

मिस्त्री कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला, की चहा यायच्या आधी भिंत बघायचा. नुसतं बघून भागायचं नाही. हात फिरवायचा, एक डोळा मिटून कोपरा न्याहाळायचा आणि मग विचारायचा, हे कुणी केलंय? त्या 'कुणी'मध्ये सगळा निकाल येऊन जायचा. घरमालक बिचारा कपबशी हातात घेऊन अपराध्यासारखा उभा. मिस्त्रीची बायको म्हणायची, यांना कुणाकडे नेण्यापेक्षा कुलूप लावून घरी ठेवलेलं बरं. पण जित्याची खोड, ती अशी जाते होय?

खोटं कशाला बोला, माणूस कामाला पक्का होता. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, आणि त्याची भिंत ओळंब्याला कधी हटली नाही. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ की वाकडी ते सांगणारं. लोक पाठीमागे त्यालाच 'ओळंबा' म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गावच्या ख्रिस्ती मंडळीत तो पंच, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक. दर रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी बाजूच्या उभ्या लोखंडी जिन्याने प्रार्थनामंदिरात जायचा, खिडक्या उघडायचा, बाकं एका ओळीत आहेत ना ते बघायचा. मग गुडघे टेकून देवाचे आभार मानायचा, की तू मला न चुकणारे हात दिलेस. आता यात आभार देवाचे किती आणि हातांचे किती, ते देवच जाणे.

प्रार्थनामंदिराच्या पुढच्या सात दगडी पायऱ्या त्यानेच बांधलेल्या, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. आणि त्यातल्या तिसरीवर लोक अडखळायचे. रोज नाही, सगळे नाही, पण अडखळायचे. लग्नाला आलेली नवरी अडखळली. नवे पाळकसाहेब पहिल्याच रविवारी हातातल्या पुस्तकासकट गुडघ्यांवर आले, आणि लोकांना वाटलं, काय भक्तिमान माणूस मिळालाय. एका आजोबांचा तर पुढचा दात तिथे गेला. कुणी मिस्त्रीपाशी विषय काढलाच, तर तो म्हणायचा, खाली बघून चालावं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याने इतक्यांदा ऐकवली की लोकांनी विचारणंच सोडलं.

त्या पायरीपाशी दर रविवारी एक बाई उभी असायची. तिला सगळे पायरीवाली मावशी म्हणायचे. कधीकाळी ती मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी होती, डोक्यावरून घमेली वाहायची. नंतर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालायला लागली. उपासनेच्या पाव तास आधी यायची आणि म्हाताऱ्यांना, पोटुशीला, कडेवर मूल असलेल्या बाईला हात द्यायची. "जपून हं, इथे पाय जरा वर," एवढंच बोलायची. घंटा झाली की आत जाऊन शेवटच्या बाकावर बसायची. सगळे म्हणायचे, मायाळू आहे हो बाई. त्यापलीकडे कुणी काही विचारलं नाही.

त्या वर्षी मिस्त्रीच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने बाई घरात. खिडकीपाशी बसून ती एकच दिवस मोजत होती, आपल्या पायांनी पायऱ्या चढून जाऊन मंडळीत उपकारस्तुती करायचा, म्हणजे सगळ्यांपुढे देवाचे आभार मानायचा. शेवटी तो रविवार उगवला. मिस्त्री नेहमीसारखा आधीच आत जाऊन खिडक्या उघडत होता. बाई हातात काठी घेऊन शेजारणीबरोबर आली. पहिली पायरी चढली, दुसरी चढली, आणि तिसरीच्या कडेला तिच्या चपलेचं टोक लागलं. मावशी मध्ये पडली म्हणून बाई वाचली. पण तिचा सगळा भार अंगावर घेऊन मावशी कुशीवर आपटली आणि तिचं मनगट मोडलं.

बायकोला घरी आणलं तेव्हा तिला खरचटलंही नव्हतं, पण तिने रविवारचे कपडे घडी करून पेटीच्या तळाशी ठेवले. आता घरीच प्रार्थना करीन म्हणाली. आपल्यापायी एका गरीब बाईचा हात गेला, पुन्हा कुणाच्या जिवावर चढायचं नाही. मिस्त्रीने नाना परीने समजावलं. ती हलेना.

"अहो, तुमचं काम का चुकणार आहे?" ती म्हणाली. "माझाच पाय नालायक."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर मिस्त्रीने दोन शब्द सुनावले असते. पण ती अगदी भाबडेपणाने बोलली. त्या रात्री मिस्त्रीला जेवण गेलं नाही.

सोमवारी दुपारी तो पायऱ्यांपाशी गेला. बरोबर टेप आणि सपाटी बघायची पाणसळ. मनात एकच, की माप घ्यायचं आणि पायरी बरोबर आहे हे स्वतःला एकदा दाखवून मोकळं व्हायचं. पहिली पायरी, उंची सहा इंच. दुसरी, सहा इंच. तिसरी, सहा इंच आणि वर सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पाऊण इंच जास्त. त्याने टेप पुसली आणि पुन्हा लावली. चौथी मोजली, तर ती तेवढीच कमी. तिसरीला जास्त दिलेलं चौथीतून कापलं गेलं होतं. त्यामुळे सातांची बेरीज बरोबर होती, आणि बेरीज बरोबर म्हणून त्याने एकेक पायरी कधी मोजलीच नव्हती.

तो त्याच पायरीवर खाली बसला. मग त्याला तो दिवस आठवला. मंदिराच्या अर्पणविधीची तारीख ठरलेली, घाई चाललेली, त्याने तिसरीचा दगड सिमेंटच्या मालाच्या जाड थरावर बसवून दिला होता. दुसऱ्या दिवशी ती बिगारीण डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन चढली आणि थांबून म्हणाली होती, मिस्त्री, ही पायरी पायाला उंच लागते. आणि त्याने दहा माणसांदेखत तिला सुनावलं होतं, "तू घमेली वाहा. माप माझ्या हातात आहे, तुझ्या पायात नाही." सगळे खो खो हसले होते. तोही हसला होता. टेप त्या वेळी त्याच्या खिशातच होती.

माणूस लगेच सरळ होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मिस्त्रीने आधी पळवाट शोधली. जमीन खचली असेल, असं सांगावं, कोण बघतंय? पण चाळीस वर्षांचा गवंडी तो. जमीन खचली तर पायरी खाली जाते, वर येत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. शेवटी उठला आणि तडक मावशीच्या घरी गेला.

मावशीची एकच खोली. हात प्लास्टरमध्ये, तरी बाई डाव्या हाताने फरशी पुसत होती. त्याला बघून तिने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. भिंतीकडेही बघितलं नाही, आणि ही गोष्ट लहान समजू नका.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं ना?" त्याने विचारलं. तिला तो आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणत होता.

"पायाला माहीत होतं," ती म्हणाली. "दिवसाला साठ खेपा केल्यावर पाय विसरतो होय?"

मग परत का बोलला नाहीत, लोकांना का सांगितलं नाहीत, असं त्याने विचारलं. मावशीने जे सांगितलं ते त्याच्या कल्पनेपलीकडचं होतं. ती म्हणाली, मी काही संत नाही, मिस्त्री. त्या दिवशी अंगाचा तिळपापड झाला होता. पहिलं वर्षभर मी पायरीपाशी उभी राहायचे ती तुम्ही कधी तोंडावर पडता ते बघायला. पण तुम्ही मेले यायचात बाजूच्या जिन्याने.

"पडायचे ते दुसरेच," ती म्हणाली. "म्हाताऱ्या पडायच्या, पोरंबाळं पडायची. मग हात द्यावा लागला. हात देता देता राग कुठे गेला, ते माझं मलाच कळलं नाही. मी देवाचे आभार मानते हो त्या पायरीबद्दल. नाहीतर मला कोण मावशी म्हणणार होतं?"

मिस्त्रीचे डोळे भरून आले. त्याने माफी मागितली, तीही नीट नाही, अडखळत. मावशीने मान डोलावली आणि चहा टाकते म्हणाली. तेव्हा मिस्त्रीने तिच्या हातातलं फडकं घेतलं, उरलेली फरशी पुसली आणि चहाही स्वतःच केला. चहा अगदीच पाणचट झाला होता. मावशीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, अगं, तुझा पाय चांगला आहे, पायरीच वाईट आहे. बाईला आधी खरं वाटेना. मग ती रडली, मग हसायला लागली. अठ्ठावीस वर्षं मला वाटायचं मीच वेंधळी, म्हणाली. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बाकीच्यांनाही तसंच वाटत असेल ना हो? त्यांना कोण सांगणार?"

हाच तर काटा होता. गुपचूप दगड उचलून बसवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता आणि नावही शाबूत राहिलं असतं. पण मग लोकांचे पाय जन्मभर दोषी ठरणार होते.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, आज कुणाला उपकारस्तुती करायची आहे का? मिस्त्री उठला.

"पुढची तिसरी पायरी चुकलेली आहे," तो म्हणाला. "ती मी चुकवली. तुमचे पाय चांगले आहेत. मावशीने मला हे तेव्हाच सांगितलं होतं आणि मी चार लोकांत तिचं हसं केलं. म्हणून आज चार लोकांत सांगतोय. देवाने इतकी वर्षं तिला तिथे उभं ठेवलं, त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो."

तेवढ्यात पुढच्या बाकावरून ते आजोबा म्हणाले, मग माझा दात परत द्या. आणि सगळं मंदिर हसलं. मिस्त्रीही हसला, या खेपेला स्वतःवर. पाळकसाहेबांनी लीनतेवर सहा पानं लिहून आणली होती म्हणे. त्यातली दोनच वाचली. लोकांनी त्याबद्दलही देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तिसरीचा दगड उचलला, छिन्नीने जुना थर खरवडून काढला. मदतीला माणूस घेतला नाही. माल त्यानेच कालवला, आणि अडुसष्टाव्या वर्षी घमेलं डोक्यावर घेऊन त्यानेच वाहिला. चौथ्या खेपेला त्याची मान आखडली आणि पोटऱ्या थरथरायला लागल्या. आपण उभ्या जन्मात हुकूम सोडत होतो तो कशाचा, हे त्याला त्या खेपेला समजलं. दगड बसवून टेप लावली. बरोबर सहा इंच. मग त्याने मावशीला बोलावलं आणि म्हणाला, चढून बघा. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती चढली, उतरली, पुन्हा चढली. उजव्या कडेला अजून जरा अंगावर येते, म्हणाली. मिस्त्रीने उजवीकडे टेप लावली. एक सूत जास्त होती. त्याने ओला माल काढला आणि दगड पुन्हा बसवला.

पुढच्या रविवारी तो बाजूच्या जिन्याने गेला नाही. पाव तास आधी येऊन तिसऱ्या पायरीपाशी उभा राहिला, मावशीच्या जागेवर. बायको पेटीच्या तळचे कपडे घालून आली. पहिली चढली, दुसरी चढली, तिसरी कधी चढली ते तिला कळलंही नाही. वर पोचून मागे वळली, काठी काखेत धरली आणि हात जोडले. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

मागून मावशी आली, कुणाशी तरी बोलत. बोलण्याच्या नादात तिने तिसरीवर पाय उचलला, तो अठ्ठावीस वर्षं उचलत आली होती तेवढाच, उंच. पाय हवेतून खाली आला, तोल गेला, आणि मिस्त्रीने तिचा चांगला हात घट्ट धरला.

"जपून हं, मावशी," तो म्हणाला. "इथे पाय जरा खाली."

मावशीला हसू आवरेना. एवढ्या वर्षांची सवय आहे, म्हणाली, आठवड्यात कशी जाईल?

"जाईपर्यंत मी आहे इथे," मिस्त्री म्हणाला, आणि तिला धरून चौथीवर चढला.