पानांवरची भुकटी

झाडाचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बायको ज्यांच्याकडे पोळ्या लाटायला जायची, त्या बाईंनी गॅलरीतल्या झाडाची एक फांदी तोडून दिली होती. जाड, गुबगुबीत पानं आणि त्यांवर चांदीसारखी पांढुरकी झाक. बायकोनं फांदी चार दिवस सावलीत सुकवली, मग तेलाच्या डब्यात मातीत रेती कालवून लावली. मी हसलो. म्हटलं, "हे काय जगणार या लिंबायतच्या वस्तीत! इथं माणसंच कशीबशी जगतात." पण जगलं की! दोन वर्षांत गुडघ्याएवढं झालं. पावसाळ्यात ती डबा आत घ्यायची, उन्हाळ्यात दुपारी त्याच्यावर जुनी साडी बांधायची. मला कधी एवढं जपलं नाहीस, म्हणून मी तिला चिडवायचो.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं आणि तिला दवाखान्यात ठेवलं. जाताना एवढंच म्हणाली, "झाडाले आठ दिवसातून एकदा पाणी घालजा. जास्त लाड नका करू." मी मनाशी ठरवलं, जन्मभर हिचं काही ऐकलं नाही, हे एक तरी नीट करायचं.

आमची खोली कापड विणायच्या लूमच्या वर. खाली यंत्रं खडखडतात आणि वर सगळ्या घरावर दोऱ्यांचा पांढरा भुगा बसतो. भांड्यांवर, देवांवर, गादीवर. सकाळी उठलं की ओल्या फडक्यानं घर पुसायचं, ही आमच्याकडे घरोघरची रीतच. ती नव्हती, म्हणून मी पुसू लागलो. झाडही पुसलं. रोज, एकेक पान, खालून-वरून. पांढरं निघून आतला हिरवा रंग चकाकला की बरं वाटायचं. म्हटलं, बघेल तर खूश होईल.

तीन आठवड्यांत पानं भाजल्यासारखी तपकिरी पडली, मऊ झाली, हात लावला की गळू लागली. रोपांच्या हातगाडीवाल्याला वर बोलावलं. त्यानं पान बोटांत धरून पाहिलं आणि गुजरातीत म्हणाला, "काका, ए धूळ नथी. एनी पोतानी भूकी छे." धूळ नव्हेच, झाडाची स्वतःचीच भुकटी; उन्हापासून वाचायला झाड ती अंगावर धरतं म्हणे, आणि एकदा पुसली की त्या पानावर परत येत नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एक शेंडा तेवढा उरला होता. तो सावलीत सरकवला आणि देवाला म्हटलं, ती येईपर्यंत एवढा तरी टिकू दे. तोही टिकला नाही.

चार दिवसांनी तिला आणलं. डॉक्टर "आता घरी न्या" एवढंच म्हणाले होते, आणि मी खुळ्यासारखा त्यावर खूश होतो. मी आणि शेजारी, दोघांनी धरून तिला जिना चढवला. ती टेकायच्या आतच मी बोलून टाकलं, "चुकलो गं. पुसून पुसून मारलं तुझं झाड."

एरवी चमचा जागेवर नसला तरी घर डोक्यावर घेणारी बाई. मी बोलणी खायला तयार उभा होतो. खरं तर मला ती बोलणी हवीच होती. तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "तुम्ही जेवले का?"

तेव्हा कुठं डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं.