वझं टाकून बघा

"वझं टाकून बघा की," असं म्हणत मिस्त्री समोरच्या वस्तूवर तळहात रोवायचा. बसायला दिलेलं स्टूल असो, झोक्याची कडी असो, नाहीतर माळ्याची फळी. असा, हाताने दाबून पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचा हा मिस्त्री उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. गडमुडशिंगीहून रोज सायकलने यायचा.

मी पाटबंधारे खात्यात. नदीची पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. माझं वजन बावन्न किलो. पहिल्याच भेटीत त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, तुमी म्हंजे बारीक वायर. वीज जाती, वझं झेपत न्हाय."

ही भेट झाली बायकोच्या आजारपणात. तिला मिरजेच्या इस्पितळात पंचवीस दिवस किरणांचे शेक घ्यायचे होते. रविवार सोडून एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते. मेहुण्याने आखातातून आणलेली जुनी परदेशी गाडी आमच्या दारात होती, तीच मी न्यायचो. त्या गाडीला कार्ब्युरेटर नव्हता. टाकीजवळचा विजेवरचा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवायचा आणि इंजिनात ते फवारलं जायचं. अकराव्या खेपेहून परतताना, शनिवारी, शिरोलीजवळ गाडी बंद पडली. पंपाची रोजची गुणगुण थांबली होती. गाडी ओढून घरी आणली.

घरी रेडिओच्या दुरुस्तीसाठी घेतलेला मीटर होता. पंपाच्या दोन्ही वायरी सोडवून मी मोजलं आणि सवयीने वहीत लिहिलं. बारा व्होल्ट. वीज पोचतेय आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला. गॅरेजवाल्याचंही तेच मत पडलं. नवा पंप परदेशातून यायला दोन महिने लागणार होते. शेक चौदा उरले होते.

रविवारी सकाळी बोलावून आणलेल्या मिस्त्रीने माझी वही पाहिली.

"आकडा खरा हाय. पर बिनकामाचा मोजलाय. कट्ट्यावर बसल्याला गडी बी पैलवानच दिसतोय."

त्याने हेडलाइटचा एक बल्ब काढला आणि पंपाच्या जागी त्या दोन वायरींना जोडला. बल्ब पिवळट मिणमिणला.

"आता मोजा."

सात. मी मीटरवर टिचकी मारली. सातच.

"त्येला कशाला मारताय? त्यो खरं सांगतोय."

"मग बाकीचे पाच गेले कुठे?"

"त्येच हुडकायचं."

बल्ब पेटता ठेवूनच त्याने मला एकेक वायर मोजायला लावली. वीज आणणाऱ्या वायरीत पाव व्होल्ट हरवत होता. दुसरी वायर वीज परत गाडीच्या पत्र्यात सोडणारी. तिच्यात आणि पत्र्यात मिळाले पावणेपाच. सात, पाव आणि पावणेपाच. बेरीज बारा. आयुष्यात इतकी आवडलेली बेरीज दुसरी नाही.

डिकीतलं जादा चाक उचललं. खाली ओल होती, आणि ती वायर जिथे पत्र्याला आवळली होती तो बोल्ट गंजून तपकिरी झाला होता. मिस्त्रीने तो सोडवला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि बोल्ट पुन्हा आवळला. बल्बकडे बघवेना इतका उजेड पडला. मग पंप जोडला. गुणगुण सुरू झाली. मी चावीसाठी हात पुढे केला.

"थांबा की. वझं कुठं टाकलंय अजून?"

त्याने मागच्या सीटवर वाळूची तीन पोती ठेवली आणि मध्ये स्वतः बसला. सगळे दिवे आणि पंखा लावून आम्ही पन्हाळ्याचा घाट दोनदा चढलो. "वैनी बसायच्या आधी मी बसतो," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी सहा वाजता तो दारात हजर. हातात, वाटेत लागला तर म्हणून, तसलाच एक बल्ब.

"मिस्त्री, दुकानाचं काय?" हिने विचारलं.

"दुकान काय पळून जातंय व्हय, वैनी? तुमी निजा. म्या पंप ऐकतो."

मिरजेपर्यंत तो मान मागे वळवून ऐकत राहिला. नंतरच्या तेरा खेपा आम्ही नवराबायकोनेच केल्या. पंचवीस पुऱ्या झाल्या. पुढे तो घरी यायचा, स्टूल दाबून बघायचा आणि मगच बसायचा. ही हसायची. हसण्याइतकी बरी झाली होती.

चार वर्षांनी गडमुडशिंगीहून निरोप आला. "चहा राहू दे, आधी जा," ही म्हणाली. मी पोचलो तेव्हा जनाजा उचलत होते. मी पुढे झालो. मिस्त्रीच्या थोरल्या भावाने माझ्याकडे, माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमास्नी झेपंल का?"

"वझं टाकून बघा की," मी म्हणालो.

त्याने बाजूला सरून मला जागा दिली.