तीन नंबरचा ग्लास: बिबवेवाडी ते खराडी, एका शनिवारची बिअर

पुण्यात राहून पुण्याचंच प्रवासवर्णन काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. पण बिबवेवाडीच्या माणसाला खराडी हे परगावच आहे. वर्षातून एकदा लग्नाला जायचं आणि आल्यावर दोन दिवस ट्रॅफिकबद्दल बोलायचं, एवढाच आमचा संबंध. यावेळी जायला कारण मिळालं ते माझी मेव्हणी मानसी हिच्यामुळे. ती खराडीतल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवतात आणि तिथेच विकतात अशा ठिकाणी, दोन वर्षं बिअर बनवण्याचं काम करते. आतापर्यंत ती दुसऱ्यांच्या कृतीने बनवायची. तिची स्वतःची पहिली बिअर, ज्वारी घातलेली, त्या शनिवारी संध्याकाळी नळावर लागणार, म्हणजे गिऱ्हाइकांना मिळू लागणार होती. बाहेरच्या फळ्यावर तिचं नावही लिहिलं जाणार होतं.

फोनवर ती वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाली, "लोकांनी प्यायच्या आधी आप्पांनी चव घ्यायला हवी. ताई, तू आण त्यांना."

आप्पा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते, आणि आयुष्यात दारूचा एक थेंब पोटात गेलेला नाही. मुलीने हे काम धरलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते, "मी त्या वासात जन्म काढला तो तुम्ही त्यातून बाहेर पडावं म्हणून." त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. जेवलीस का, पगार झाला का, गाडी हळू चालव, बस. मानसीला हे किती लागलं होतं ते आम्हाला माहीत होतं. त्यामुळे आप्पा "येतो" म्हणाले तेव्हा वैशालीने खात्री करायला दोनदा फोन केला.

मानसीची एक अट होती. चार बिअर असतील, नावं सांगणार नाही, फक्त नंबर. आप्पांच्या प्रयोगशाळेत नमुने असेच तपासायचे, कुठल्या टाकीतला ते न सांगता. प्रत्येकाने कागदावर दहापैकी गुण द्यायचे आणि कारण लिहायचं.

शनिवारी साडेअकराला मी, वैशाली आणि माझा मित्र महेश निघालो. महेश बँकेत आहे आणि फुकट मिळणारी कुठलीही गोष्ट त्याला आवडते. गाडी घरीच ठेवली. पिणार असाल तर तुम्हीही ठेवा. बिबवेवाडीहून स्वारगेटला रिक्षा, तिथून मेट्रो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते आणि जमिनीच्या पोटातून वर येईपर्यंत सरकते जिने संपतच नाहीत, पण गुडघे धड असतील तर काही त्रास नाही. तिकीट फार नाही, एसी आहे आणि शनिवारी दुपारी बसायला जागा मिळते. स्टेशनात महेश म्हणाला, "एवढं खाली उतरल्यावर पाणी लागायला हवं होतं."

पहिला मुक्काम कल्याणीनगर. मेट्रोपासून रिक्षाने पाच मिनिटांवर एक ब्रूपब आहे. नाव देत नाही, कारण सेवा सुमार होती आणि मालक माझा ब्लॉग वाचण्याची शक्यता शून्य असली तरी उगाच कशाला. बिअरसाठी वयाची अट एकवीस आहे आणि ओळखपत्र मागतात. माझ्या टकलाकडे बघून कुणी मागितलं नाही. नवख्यांनी मोठा ग्लास न मागवता चाखायचा संच मागवावा. लाकडी पट्टीवर छोटे छोटे सहा ग्लास येतात, साधारण पाचशे रुपयांत, वर कर वेगळा.

आमचा अभिप्राय असा. गव्हाची बिअर सगळ्यात बरी, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि तो तसाच यायला हवा. कडू बिअर महेशने एका घोटात बाजूला ठेवली. "कारल्याचा रस मी डॉक्टरांनी सांगूनही घेतला नाही," तो म्हणाला. मला आवडली, संत्र्याच्या सालीसारखी चव मागे राहते. काळी बिअर म्हणजे कॉफी आणि करपलेली भाकरी, थंडीत चालेल. आंब्याची बिअर घेऊ नका. सोबत शेंगदाणा मसाला घ्या, पनीर टाळा.

तिथून निघताना वैशालीचा चेहरा जरा अपराधी दिसला. तिने रिक्षात आम्हाला दोघांना सांगितलं, "तीन नंबरची मानसीची आहे. काल काढून घेतलं मी तिच्याकडून. नीट गुण द्या."

"ही कॉपी झाली," मी म्हणालो.

"तुझी बहीण असती तर तू काय केलं असतंस?" वैशालीने विचारलं.

आप्पा विश्रांतवाडीहून रिक्षाने येऊन रामवाडी स्टेशनच्या जिन्याखाली उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाले, "स्टीलचा पेला. थुंकायला." तिथून कॅब केली. खराडीपर्यंत अंतर थोडं आणि वेळ भरपूर लागतो. आप्पा वाटेत एकदाच बोलले, "इथे सगळी शेतं होती." ड्रायव्हर तिथलाच निघाला. म्हणाला, "आमचीच हाय की एक, त्या काचेच्या बिल्डिंगखाली."

मानसी दारातच उभी होती, गमबूट घालून, केस बांधून. तिने आप्पांना आतल्या टाक्या दाखवल्या. माणसाच्या दुप्पट उंचीच्या, चकचकीत. आप्पांनी हात मागे बांधून सगळ्या बघितल्या, एका तापमापकाशी जरा थांबले आणि बाहेर येऊन बसले. दुपारचे तीन वाजले होते, गर्दी नव्हती. तिने चार चार ग्लास मांडले, खाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या, एक ते चार.

आम्ही तिघांनी जे केलं ते चाखणं नव्हतं, मतदान होतं. तीन नंबरचा ग्लास नाकाशी नेताच महेशचा चेहरा उजळला. "वा! लोणी कढवल्याचा वास येतोय." खरंच येत होता. घरात साजूक तूप होताना येतो तसा, छान. मी नऊ दिले. वैशालीने साडेनऊ. महेशने नऊ देऊन खाली 'लाजवाब' लिहिलं.

आप्पांची पद्धत वेगळी. ग्लास तळहातांत धरून ते नुसते बसले, पाच मिनिटं. "गार असताना काही कळत नाही," ते म्हणाले. मग ग्लासवर हात झाकला, हलवला, हात काढून वास घेतला. एक घोट तोंडात घोळवून पेल्यात टाकला, पाण्याने चूळ भरली. असे चारही ग्लास. पलीकडच्या टेबलावरचे दोघे आपली बिअर सोडून यांच्याकडेच बघत होते.

मानसीने कागद गोळा केले आणि उभ्याउभ्याच वाचले. आमचे वाचताना हसत होती. आप्पांचा वाचताना हसू गेलं. तीन नंबरपुढे लिहिलं होतं: दहापैकी चार.

"लोण्याचा वास आहे," आप्पा म्हणाले. "घरात चांगला. इथे तो राहायला नको होता. आंबवण संपत आली की यीस्ट तो वास स्वतःच खाऊन टाकतं, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. कोणीतरी टाकी लवकर गार केलीय."

"दोन दिवस," मानसी हळूच म्हणाली. "मी केलीय. आज लावायची होती म्हणून."

"ज्वारी चांगली उतरलीय त्यात. पण आज लावू नकोस."

वैशाली चिडली. "आप्पा, तिच्या पहिल्या बिअरला असं..."

"थांब गं ताई," मानसी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती आप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसली. परत तापमान वाढवलं तर चालेल का, किती, नवीन यीस्ट घालावं लागेल का, असं ती विचारत गेली आणि आप्पा कागदाच्या मागे आकडे मांडत गेले. अर्धा तास. आम्ही तिघं फ्रेंच फ्राइज खात बसलो. तुम्हाला सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. मी नऊ गुण दिले होते ते एका लहान मुलीच्या चित्राला देतात तसे, आणि ती तर इथे रोज टाक्यांशी झगडणारी बाई होती.

मग ती मालकांशी बोलायला आत गेली. काचेतून दिसत होतं, बोलणं सरळ होत नव्हतं. बाहेर आली ती थेट फळ्याकडे, आणि ओल्या फडक्याने आपलं नाव पुसलं.

परतताना आधी आप्पांना सोडायला कॅब केली. विश्रांतवाडीजवळ वैशालीला राहवलं नाही. "आप्पा, सकाळी फोनवर तुम्हालाही सांगितलं होतं मी, तीन नंबर तिची आहे म्हणून."

"ऐकलं होतं," आप्पा म्हणाले. आणि ड्रायव्हरला म्हणाले, "इथेच थांबवा, मी चालत जाईन."

आम्ही साडेसातला घरी. खर्च विचाराल तर खाणं, पिणं, प्रवास धरून माणशी बाराशेच्या आसपास. रविवारी ही पोस्ट लिहायला बसलो आणि ज्वारीच्या बिअरपुढे काय लिहू कळेना. आप्पांना फोन केला. "काही लिहू नका," ते म्हणाले, "ती अजून तयार नाही." म्हणून या परीक्षणात ती नाही, आणि पोस्टही आठवडाभर पडून राहिली.

गुरुवारी सकाळी मानसीने वैशालीला एक फोटो पाठवला. आप्पा कुणालाही न सांगता बस बदलून एकटेच खराडीला गेले होते. पब उघडायच्या आधी मागच्या फाटकातून आत जावं लागतं आणि तिथे सुरक्षारक्षकाची वही भरावी लागते. फोटो त्या पानाचा होता. वरचे सगळे गॅस, भाजी, लाँड्री असं खरडून गेलेले. आप्पांची ओळ त्यांच्या प्रयोगशाळेतल्या ठळक, सुट्या अक्षरांत होती. 'कोणाला भेटायचे' खाली मानसीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं होतं: मुलीचे काम पाहणे.