पोचल्याच्या दोन रिंगा

पनवेलपासून आमचं गाव तीनशे किलोमीटर. कोल्हापूरच्या अलीकडे, हायवे सोडून आत आठ किलोमीटर. हे अंतर मी सहा-सात वर्षं, महिन्यातून दोनदा, आठशे सीसीच्या पांढऱ्या गाडीतून कापलं. एसटी नव्हती का, रेल्वे नव्हती का, असं लोक आता विचारतात. होती की. पण शनिवारी दुपारी तळोज्याच्या कारखान्यातून सुटायचं, रविवारी गावातली कामं उरकायची आणि सोमवारी सकाळी सातला पुन्हा गेटवर हजर व्हायचं, यात एसटीचं वेळापत्रक बसत नव्हतं. घरी आई आणि आण्णा दोघंच. आण्णांचं बीपी, आईचे डोळे, विहिरीची मोटर, काही ना काही असायचंच. मी एकुलता एक. कुरकुर करायचो आणि जायचो.

लहान गाडीला एक्सप्रेसवेवर कुणी माणसात धरत नाही. कळंबोलीहून वर चढलं की मागून लक्झरी बस दिवे मारत अंगावर यायची, आणि शेजारून कंटेनर गेला की आमची गाडी हलायची ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरेपर्यंत. ऐंशीच्या वर नेलं तर बॉनेट थरथरायचं. खंडाळ्याचा घाट आला की एसी बंद, काचा खाली, दुसरा गिअर, आणि पुढच्या ट्रकचा सगळा धूर माझ्या नाकात. हौस वगैरे पहिल्या दोन महिन्यांत संपली. नंतर फक्त उजवा गुडघा, कंबर आणि 'अजून दीडशे राहिले' एवढंच.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी कोल्हापूर-मुंबई रस्त्यावर. मी पनवेलला फ्लॅट घेतला तेव्हा ते म्हणाले, "पनवेल काय, स्टँडवर उसळ बरी मिळत्या." बाकी पनवेल त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही वाटत नव्हती. मला गाडी शिकवली ती त्यांनीच, गोवा रोडला कर्नाळ्याच्या पुढे, आठ दिवस राहायला आले होते तेव्हा. माझा हात गिअरवर राहिला की त्यावर चापट बसायची. मी पस्तिशीचा बाप्या, माझी बायको मागच्या सीटवर बसलेली, आणि हे आपले फटाफट मारताहेत. "गिअर म्हंजे बायकोचा हात हाय व्हय रं, धरून बसायला?" बायको आठवडाभर हसत होती.

गावाहून मी परत निघालो की आण्णांची ड्यूटी सुरू व्हायची. ते ओसरीवरच्या कॉटवर बसायचे, समोर भिंतीवरचं घड्याळ आणि कोनाड्यात लँडलाइन फोन. मी कुठे असेन हे त्यांना घड्याळाकडे बघून कळायचं. कराड किती वाजता, खंबाटकी किती वाजता, सगळं डोक्यात. खात्रीसाठी आमची रिंगांची पद्धत ठरली होती. साताऱ्याला पोचलो की मोबाइलवरून एक रिंग देऊन कट करायची. कात्रजला एक. खालापूरच्या टोलवर एक. आणि घरी पोचलो की दोन रिंगा. त्यांनी फोन उचलायचा नाही. पैसे पडत नाहीत आणि गाडी चालवताना बोलणंही होत नाही, असा त्यांचा दुहेरी हिशेब. बोलायची त्यांना आवडच नव्हती. आई सांगायची, "तुझी रिंग आली की म्हणत्यात, सातारा सोडला. मग पेपर वाचत्यात. तवर पेपरला हात लावत न्हाईत."

पंधरा मिनिटं उशीर चालायचा. अर्धा तास झाला की कॉटवरून उठून अंगणात येरझाऱ्या, आणि तासभर झाला की आईवर राग. एकदा वाईजवळ जाम होता, मला रेंज मिळाली नाही, तर संध्याकाळी आण्णांचं बीपी एवढं वर गेलं की डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. डॉक्टर मला फोनवर म्हणाले, यांना कसलाही धसका बसू देऊ नका, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. तेव्हापासून मी रिंगा देवपूजेसारख्या नेमानं द्यायला लागलो. कंटाळा यायचा, खरं सांगतो. चाळिशीच्या माणसानं टोलनाक्यावर गाडी बाजूला घेऊन बापाला हजेरी द्यायची.

तो रविवार दोन हजार सात-आठच्या उन्हाळ्यातला. त्या आधीच्या आठवड्यात कळंबोलीच्या आमच्या मेकॅनिकनं रेडिएटरचा पाइप दाबून दाखवला होता. "शेट, ह्यो फुगलाय. तुमी लांब जाता, टिकनार नाय." मी म्हटलं, आल्यावर बदलू. चूक माझीच. दहा वाजता गावाहून निघालो, कराड ओलांडलं, आणि उंब्रजच्या अलीकडे पाइप फुटला. तापमानाचा काटा लालवर गेलेला दिसत होता, तरी समोर गॅरेजची पाटी दिसली म्हणून मी दोन किलोमीटर तशीच रेटली. त्यात इंजिनच्या हेडचं गॅस्केट गेलं. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, वाफेतून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, घाई होती काय?"

हेड काढावं लागणार होतं. रविवार असल्यामुळे गॅस्केट आणायला तो मोटरसायकलवर कराडात कुणाच्या तरी घरी गेला. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो. गावच्या घरापासून मी एका तासाच्या अंतरावर होतो.

आता इथे सरळ उपाय काय होता? घरी फोन करायचा, गाडी बिघडली सांगायचं, गाडी दुरुस्त झाली की परत गावाला जायचं आणि एक दिवस रजा टाकायची. हे मला तेव्हाही समजत होतं. पण खरं सांगितलं असतं तर आण्णांनी 'माघारी ये' म्हटलं असतं, आणि मला माघारी जायचं नव्हतं. लोकांना सांगताना मी नेहमी म्हणतो की त्यांना धसका बसू नये म्हणून मी गप्प राहिलो. तेही खरं आहे. पण मी दमलो होतो. त्या रस्त्याला, त्या ओसरीला, आईनं डिकीत कोंबलेल्या ज्वारीच्या पिशवीला, सगळ्यालाच कंटाळलो होतो. मला माझ्या घरी जाऊन माझ्या पलंगावर पडायचं होतं.

घड्याळात बघितलं, मी एव्हाना साताऱ्यात असायला हवा होतो. मी मोबाइल काढला, एक रिंग दिली आणि कट केली.

एकदा दिल्यावर पुढच्या देणं भाग होतं. दोन वाजता कात्रजची दिली. तेव्हा माझ्यासमोर गाडीचं हेड पोत्यावर काढून ठेवलेलं होतं आणि गॅरेजवाला जेवायला गेला होता. चार वाजून गेल्यावर खालापूरच्या टोलची दिली, टपरीवर भजी खात. मनातून थोडं हसूही येत होतं. तीस वर्षं रस्ता पाठ असलेल्या माणसाला मी बाकड्यावर बसून घाट उतरवून दाखवत होतो. बायकोला तेवढं फोन करून सांगितलं, उशीर होईल म्हणून. ती म्हणाली, "गावाकडे खरं कळवा हो, असलं काही करू नका." मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस.

पाच वाजता गाडी सुरू झाली. गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारून आणली, काटा जागेवर होता. पाच-दहाला मी घरच्या दोन रिंगा दिल्या. दोन पूर्ण होऊ दिल्या, मग कट. एक ओझं उतरल्यासारखं वाटलं. अजून एक चहा घेतला, पैसे दिले आणि पनवेलच्या दिशेनं निघालो. उशिरा पोचलो आणि कपडे न बदलता झोपलो.

सकाळी सहाला आईचा फोन. आवाज शांत होता, तो मला आधी कळला नाही. म्हणाली, "आण्णांना कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलंय. उजवी बाजू गेल्या. तू आता सावकाश निघून ये."

मी त्याच गाडीतून गेलो. सहा तास. कुठे रिंग द्यायची नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आईनं सगळं सांगितलं. आण्णा कॉटवर बसले होते. दोन रिंगा झाल्या. ते म्हणाले, "पोचला." आणि चहा टाक म्हणून हातानं खूण केली. आई चहा घेऊन आली तर तोंड वाकडं झालेलं, हात लोंबत होता. तिनं शेजारी हाक मारली. गावात दोन जीपगाड्या, एक लग्नाला गेलेली, दुसरी वाळूला. मोटरसायकलवर बसवता येईना. वाळूची जीप यायला आठ वाजले. दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वानऊ.

"मला का नाही फोन केलास?" मी विचारलं.

"तू नुकता पोचलेला. दमलेला. सांगितलं असतं तर तशीच गाडी काढून रातचा आला असतास." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "एकाला दोन झालं असतं. म्हटलं, पोराला झोपू दे."

पाच-दहा. पाच-दहाला माझी गाडी दुरुस्त होऊन, तोंड कुठल्याही दिशेला वळवता येईल अशी उभी होती. सव्वासहाला मी दारात असतो, सव्वासातच्या आत दवाखान्यात. डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं, तरी ते राउंडला आल्यावर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. आई म्हणाली, गाडीच नव्हती हो डॉक्टर.

आण्णा त्यानंतर तीन वर्षं जगले. उजवा हात आला नाही आणि बोलणंही परत आलं नाही. काहीतरी म्हणायचे, ते फक्त आईला समजायचं. मी जात राहिलो, महिन्यातून दोनदाच्या जागी चारदा. परत निघालो की मी त्यांना धरून ओसरीवर बसवायचो आणि ते घड्याळाकडे बघत राहायचे. रिंगा मी खऱ्या द्यायचो. साताऱ्यात म्हणजे साताऱ्यात. कधी पाच मिनिटं अलीकडे असलो तरी थांबायचो, सातारा आल्यावरच द्यायचो. याचा कुणाला काय उपयोग होता, मला माहीत नाही.

ते गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगायची. वाचा गेली त्या दिवशी त्यांचा शेवटचा शब्द काय होता माहीत आहे का? "पोचला." लेक सुखरूप पोचला, एवढं कानावर पडलं आणि मगच झालं सगळं. काळजी मिटूनच पडले हो. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी आतून चहाचे कप आणून ठेवायचो.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी आई ज्वारी निवडत बसली होती, मी शेजारी जाऊन बसलो. तीन वर्षं जे गिळून बसलो होतो ते आज सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं.

"आई, त्या दिवशी ना, मी उंब्रजला होतो."

तिनं मान वर केली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला आता स्पष्ट दिसायचं. "कवा?"

"आण्णांना झालं त्या दिवशी." ती माझ्याकडे बघत होती, सूप हातात तसंच. "म्हणजे, जाताना. चहाला थांबलो होतो."

"मग बरं केलंस की," ती म्हणाली. "थांबत जावं रं बाळा. एकसारखी गाडी हाकू न्हाई. हे पण तेच म्हणायचे."

मी होय म्हणालो.