नवस फिटण्याआधीचा मलिदा

जालन्याच्या स्टेशनावर त्या दिवशी आम्हाला पोचवायला इतकी माणसं आली होती की एका हमालानं विचारलं, "कोन पुढारी आलाय का?" आलं कुणी नव्हतं, आम्ही जात होतो. मी, माझे यजमान आणि कडेवरचा एल्दाद. गल्लीतली सगळी घरं, बाबांच्या कापसाच्या जिनिंगमधले फिटर, हसनाबादहून आम्हाला ज्वारी आणून देणारे दगडूमामा, आणि शेजारच्या रुखसानाची अम्मी. अम्मीनं वाटेसाठी बांधलेल्या पुऱ्या थेट इस्राएलपर्यंत पुरल्या असत्या. आई रडत होती. बाबा इंजिनाकडं बघत होते. मशीन दिसलं की त्यांना माणसं दिसत नसत, निदान तसं दाखवायची त्यांची रीत होती. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत ते म्हणाले, "जा. मशिहा आला की सगळ्यालाच तिकडं यायचंय, तवा गर्दी व्हईल. तुम्ही आधी जाऊन जागा धरा."

मी जागा धरली आणि केस पांढरे होईपर्यंत धरून बसले. आईबाबा काही आले नाहीत. आई आधी गेली, मग बाबा. दोघंही तिथंच, जालन्याच्या काळ्या मातीत आहेत. म्हातारपणी बाबा फोनवर सांगायचे की मशिहा, म्हणजे आमचा तारणहार, आल्यावर आपले मेलेले लोक जमिनीखालून गडगडत यरुशलेमला पोचतात, तिकीट लागत न्हाई, पासपोर्ट लागत न्हाई. "मंग खर्चा कशाला करू?" आमच्या लोकांत ही समजूत जुनीच आहे. बाबांनी ती सोयीनं वापरली, एवढंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आडनावात कोकणातलं गाव आणि जिभेवर जालना. बाबांना जिनिंगमध्ये नोकरी लागली म्हणून आजोबा वारल्यावर आमचं घर देशावर आलं. अख्ख्या गावात ज्यूंचं घर आमचं एकच. शनिवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, आमची चूल पेटत नाही हे गल्लीला पाठ होतं. नव्या वर्षाच्या दिवसांत वाहत्या पाण्याकाठी जाऊन वर्षभराची पापं सोडायची आमच्यात चाल आहे. त्यासाठी बाबा आम्हाला एसटीनं शहागडला, गोदावरीवर न्यायचे. काठावर उभं राहून खिसे उलटे करायचे, पदर झटकायचे. "बराबर झटक," बाबा म्हणायचे, "कोपऱ्यात राहून जातंय." एकदा ट्रक धुवायला आलेल्या एका ड्रायव्हरनं विचारलं, काय सांडून राह्यले? बाबा म्हणाले, "पापं." तो म्हणाला, "मंग इथं काहून? खालच्या गावाला पाणी प्यायचंय ना!"

हल्ली ती नदी माझ्या स्वप्नात येते. इथं बेर्शेवात, वाळवंटाच्या तोंडाशी, माझ्या बिल्डिंगखालच्या बसस्टॉपजवळून गोदावरी वाहत असते. बाबा गुडघाभर पाण्यात उभे असतात आणि मी गॅलरीतून ओरडते, बाबा, वर या, रॉकेटचा सायरन होईल. ते ऐकत नाहीत. जिवंतपणीही ऐकत नव्हते.

इथं आलो तेव्हा यजमानांना कारखान्यात काम मिळालं आणि मला हिब्रूच्या वर्गात बसवलं. पहिला शब्द शिकले तो सबलानूत, म्हणजे धीर धरणं. इथल्या प्रत्येक कचेरीत तोच ऐकवतात. दुसरा मुलगा योनी इथंच झाला. एल्दादनं जालन्यात चार पावलं तरी टाकली होती, योनीनं तीही नाही. पुढं यजमान गेले आणि मी या दोघांच्या मध्ये उरले. एल्दाद दाढी वाढवून धर्माच्या पाठशाळेत शिकवायला लागला. योनी कॉम्प्युटरवाला, देवाला फक्त माझ्यासमोर मान देणारा. तरी शुक्रवारी संध्याकाळी दोघं माझ्या टेबलावर असायचे. एक प्रार्थना म्हणायचा आणि दुसरा तोवर भाकरीचा तुकडा पळवायचा.

मग दिवस फिरले, लढाई पेटली. एल्दाद म्हणायचा, हे हाल म्हणजे मशिहा येण्याआधीच्या कळा आहेत, सुटका जवळ आली. योनी म्हणायचा, लोकांची पोरं मारून कसली सुटका येते, त्यांचीही आणि आपलीही. मशिहाचा अजून पत्ता नाही आणि त्याच्यावरून घरात हाणामारी! बाजारात तुरी म्हणतात ती हीच. पेसाहच्या सणाला आम्ही एलियाहू हन्नाबीसाठी, म्हणजे मशिहाच्या आधी येणाऱ्या त्या पैगंबरासाठी, एक पेला भरून ठेवतो आणि घराचं दार उघडतो. त्या रात्री मी दार उघडलं, आणि योनी ताटावरून उठून त्याच दारातून चालता झाला. एल्दाद काहीतरी बोलला होता. काय बोलला ते मी लिहिणार नाही, भावानं भावाला म्हणू नये असं होतं. पेला तसाच राहिला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एकाला शुक्रवारी बोलवायचं आणि दुसऱ्याला शनिवार संपल्यावर, असं माझं सुरू झालं.

आणि मग योनीला मिलुईमचं, म्हणजे राखीव सैनिकांचं बोलावणं आलं. त्याच्या मनाविरुद्ध होतं, तरी गेला. म्हणाला, माझ्या सोबतच्यांना एकटं कसं टाकू? तो गेल्यावर मी आमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे नवस बोलले: एलियाहू हन्नाबी, माझा पोरगा घरी आला की मलिदा करीन. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, वर फळं, आणि दहा पुरुष बसून प्रार्थना. अडलेलं काम झालं की करतात. जालन्यात असताना दहा ज्यू पुरुष मिळायचे नाहीत म्हणून बाबा नवस साठवून ठेवायचे आणि पाहुणे आले की सगळे एकदम फेडायचे. ताटात जालन्याची मोसंबी हवीच असायची.

योनीचे फोन विरळ झाले, मग थांबले. मला जेवण जाईना. जालन्याहून आमच्या शेजारच्या रुखसानाचा फोन आला. आता तिला नातवंडं आहेत. म्हणाली, "रबू, तुझ्या पोरासाठी रोज दुआ मांगून राह्यले. अन् तिकडच्या पोरांसाठी बी मांगते, गुस्सा नको करू." गुस्सा कसला करू? टीव्हीवर सीमेपलीकडची पोरं दिसली की मीही चॅनेल बदलू शकत नाही आणि बघूही शकत नाही. तिला म्हटलं, माग बाई, दोघींचा देव एकच, त्याला फोन दोन गेले तर बरंच. त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर खूप रडलो.

फोन ठेवला आणि मला वाटलं, थांबायचं कशाला? आपण न आलेल्या पाहुण्याचा पेला भरतो. न आलेल्या मशिहासाठी रोज म्हणतो की तो येणार, उशीर झाला तरी येणार. आमचा सगळा धर्मच आगाऊ आहे. मग मलिदा तेवढा नंतर का? लोकांचं वरातीमागून घोडं असतं, माझं वरातीच्या आधी निघालं. एल्दादला बोलावून सांगितलं, दहा पुरुष आण, मी योनीचा मलिदा करतेय.

तो चमकला. "आई, तो आलेला नाही. जे झालंच नाही त्याचे आभार मानता येत नाहीत. असं कुठं लिहिलेलं नाही."

"जालन्यातही लिहिलेलं नव्हतं," मी म्हटलं. "तू माणसं आण."

तो गेला, आणि संध्याकाळी माणसं घेऊन आला. आमच्यातले काही म्हातारे, खालच्या मजल्यावरचा मोरोक्कोचा निसीम, आणि समोरचा रशियन बोरिस, जो देव मानत नाही पण पोहे आवडीनं खातो. एरवी ही माणसं पार्किंगवरून भांडतात. ताटाभोवती बसली तेव्हा सगळ्यांनी टोप्या नीट केल्या. एल्दादनं एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात सायरन झाला.

मी ताट उचललं, निसीमनं मला धरलं आणि आम्ही तळघरातल्या आसऱ्यात उतरलो. तिथं कोंदट उजेडात वेलचीचा वास पसरला. वर कुठंतरी धडधड झाली. एल्दाद थांबला नाही, उलट सगळ्यांनी आवाज चढवला, बोरिसनंसुद्धा, त्याला शब्द येत नव्हते तरी. मला क्षणभर कळेना मी कुठं आहे. आई पोहे भिजवतेय, बाबा फळं धुताहेत आणि बाहेर जिनिंगचं मशीन धडधडतंय, असंच वाटत राहिलं.

सायरन थांबला आणि आम्ही वर आलो. तेव्हा फोन वाजला. योनी! आवाज फाटत होता.

"आई, बरी आहेस ना? माणसांचा आवाज येतोय. काय चाललंय?"

"मलिदा."

"कुणाचा?"

"तुझा."

"अगं, पण मी अजून आलो कुठंय?"

एल्दादनं माझ्या हातून फोन घेतला.

"योनी," तो म्हणाला, "आम्ही देवाचे आभार मानून बसलोय. आता आम्हाला खोटं पाडू नकोस."

पलीकडून योनी लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "दादा." आणि लाइन तुटली.

जालन्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्ही विचारता की घर आता कुठं वाटतं? स्टेशनावर वाटलं होतं घर मागं राहिलं. इथं उतरले तेव्हा वाटलं घर पुढं आहे. एल्दाद आता रोज संध्याकाळी येतो, चपला काढायच्या आधी विचारतो, फोन आला का? योनी अजून आलेला नाही. मला सुटकेचं मोठं काही कळत नाही. मला एवढंच हवंय की योनीनं या खोलीत यावं, आणि दोघा भावांनी मिळून, एका आवाजात, माझ्यावर चिडावं: आई, मलिदा नवस फिटल्यावर करायचा असतो. मग मी दुसरा करीन.